कळवायचं नाव

दर्यावर्दी माणूस रिटायर होऊन घरी आला की घराचं जहाज होतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या लेकीचे, अलफियाचे अब्बा तेहतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते, शेवटची चौदा वर्षं सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. रत्नागिरीच्या राजिवड्यात त्यांना अझीम सारंग याच नावाने ओळखतात. ते कायमचे घरी आले आणि आठवड्याच्या आत माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लागले, मोरीच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल मिळालं आणि गॅसचा सिलिंडर दोरीने भिंतीला बांधला गेला. मी म्हटलं, "आपलं स्वयंपाकघर हलत नाय हो." तर म्हणाले, "असू दे बांधलेला."

हा माणूस डिसेंबरात एका सकाळी घावन खाता खाता म्हणाला, "साबेरा, आपण इटलीला जाऊ. डोंगरात चालायला. सहा दिवस."

"रत्नागिरीतले चढ कमी पडले काय?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांचं जहाज इंजिनाच्या एका भागासाठी इटलीतल्या ट्रिएस्ट बंदराबाहेर अकरा दिवस नांगर टाकून पडलं होतं. सकाळी हवा स्वच्छ असली की पाण्याच्या पलीकडे, खूप लांब, पांढरे डोंगर दिसायचे. हे गंज खरवडता खरवडता त्यांच्याकडे बघायचे. बाराव्या दिवशी तो भाग आला आणि जहाज निघालं. "बंदरं सगळी बघितली," ते म्हणाले, "पण बंदराच्या मागे काय असतं ते कधी बघितलंच नाय."

मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. माडांना पाणी कोण घालणार, अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काय सुचतंय, लोक काय म्हणतील, अशी आणखी पाच-सहा कारणं सांगितली. खरं तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी तयार झाले होते. पण लगेच हो म्हणायची मला सवय नाही, आणि त्यांनाही ती लावायची नव्हती.

डोंगराचं मला काही पडलं नव्हतं. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. नऊ महिने दर्यात, तीन महिने घरी, असा हिशेब धरला तर आम्ही एका छपराखाली आठ-नऊ वर्षं राहिलो असू. अलफिया झाली तेव्हा हे नव्हते. माझे वडील गेले तेव्हा नव्हते. मक्केला, उमराहला मी बहिणीबरोबर जाऊन आले, कारण यांची सुट्टी ऐन वेळी रद्द झाली. हे मुंबईला बोटीवर चढायला निघाले की मी दारात उभी राहायची आणि हे बॅग उचलून जायचे, हेच आमचं जाणं-येणं. मला आयुष्यात एकदा त्यांच्याबरोबर निघायचं होतं, दारात मागे न राहता. एवढीच माझी हौस होती, आणि ती मी त्यांना सांगितली नव्हती.

मग तयारी सुरू झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी मोठा तक्ता आखला आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला चिकटवला. कोणत्या दिवशी कोणत्या झोपडीत मुक्काम, किती चढ, किती उतार, पाणी कुठे. झोपड्या म्हणजे डोंगरातली मुक्कामाची घरं. एकेका खोलीत दहा-पंधरा बिछाने असतात आणि चालणारे लोक रात्रीपुरते येऊन झोपतात. तिकडच्या पाट्यांवर म्हणे अंतर नाही, वेळ लिहिलेला असतो, दीड तास, तीन तास. ते मला फार आवडलं. आमच्याकडे वाट विचारली तर "हे काय, समोरच" म्हणतात आणि पुढे तासभर चाल असते.

पाठीवरची बॅग आठ किलोच्या वर जाता कामा नये, असा हुकूम निघाला. वजनाला मासे तोलायचा काटा आणला. मी आमसुलं घातली, ती चालली. सोडे घातले होते ते त्यांनी वासावरून शोधून काढले. सुकलेली कोलंबी ती, कितीही पिशव्यांत गुंडाळा, लपत नाही. म्हणाले, "विमानतळावरच्या कुत्र्यांना उगाच कामाला लावू नको." मी सोडे परत डब्यात टाकले, पण तोंडाने दोन शब्द सुनावलेच.

बूट घ्यायला मारुती मंदिर नाक्यावरच्या दुकानात गेलो. नाड्यांचे बूट मी जन्मात घातले नव्हते. मला त्या नाड्या आवळता येईनात, तर हे सरळ खाली बसले आणि माझा पाय मांडीवर घेऊन गाठ मारायला लागले. दुकानात चार माणसं होती. मला लाजून मेल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

पुढे रोज सकाळच्या नमाजनंतर आम्ही रत्नदुर्ग किल्ल्याचा चढ चढायला जायचो. पहिल्या दिवशी मी पाच वेळा बसले. यांची सवय अशी की हात मागे बांधून भराभरा पुढे जायचं आणि वर उभं राहून वाट बघायची. चौथ्या दिवशी मी रस्त्यातच थांबले. म्हटलं, "तुम्ही पुढे आणि मी मागे, हे मला घरबसल्या जमत होतं. त्यासाठी बुटं कशाला घेतलीत?" ते खाली आले. त्या दिवसापासून माझ्या बाजूने चालायला लागले, बोटीवरच्या गोष्टी सांगत. रमजानचा महिना सोडला तर आमचा एक दिवस चुकला नाही, आणि मार्चअखेर मी एका दमात वरच्या दरवाजापर्यंत जायला लागले.

तक्त्यात चौथ्या दिवशी कड्यावरची एक वाट होती. तिथे खडकात लोखंडी दोर ठोकलेला असतो आणि आपण कंबरेचा पट्टा त्याला अडकवून जायचं असतं. तो पट्टा तिथे भाड्याने मिळतो, पण सराव हवा म्हणून यांनी नायलॉनच्या दोरीने तसाच पट्टा माझ्या कंबरेला आणि मांड्यांना बांधला आणि पडवीच्या खांबाला अडकवून दिला. "आता मागे झुक. पूर्ण भार टाक. गाठ माझी आहे." मी डोळे मिटून मागे झुकले आणि गाठीने धरलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो भाभी, सारंगांनी बांधून घातलानी काय?" मी तशीच लटकत म्हटलं, "आता सुटका नाय म्हणे." आम्ही तिघंही खूप हसलो.

फॉर्म भरायचं काम मात्र त्यांनी कोणाला करू दिलं नाही. अलफिया केळशीला दिलेली आहे, तिथे शाळेत शिकवते, ती फोनवर म्हणाली होती की मी भरते. तर हे म्हणाले, "माझा अख्खा जन्म फॉर्म भरण्यात गेला." एका संध्याकाळी टॅब्लेट घेऊन बसले आणि पाच झोपड्यांची नोंदणी करून उठले. कागद छापून प्लास्टिकच्या फायलीत ठेवले. मी बघायला मागितले नाहीत. त्यांच्या कागदांना मी कधी हात लावत नाही.

एप्रिलात शाळेच्या परीक्षा संपल्यावर अलफिया दोन दिवसांसाठी आली, व्हिसाची कागदपत्रं लावायला. चहा झाला, फाईल निघाली. ती एकेक कागद वाचत होती. दुसऱ्या कागदावर ती थांबली, पुन्हा पहिला काढला, मग बाकीचे तीन भराभर उलटले.

"अब्बा, यात एकच माणूस आहे," ती म्हणाली.

"एकच म्हणजे?"

"पाचही ठिकाणी. पाहुणे किती, तिथे एक लिहिलंय तुम्ही. नाव फक्त तुमचं."

मी तिच्या हातातून कागद घेतला. कथा-कादंबरीचं इंग्रजी मला येत नाही, पण फॉर्मचं येतं. बँकेचे, पगार घरी पाठवायचे सगळे कागद मीच बघत आले. वर त्यांचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट. पाहुणे, एक. अगदी खाली एक चौकट होती, आणीबाणीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे माझं नाव होतं. साबेरा अझीम होडेकर. नातं, पत्नी. राजिवडा, रत्नागिरी, आणि माझा मोबाइल नंबर. पाचही कागदांवर.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद जवळ धरून वाचला. "सवयीनं झालं," ते म्हणाले. "बोटं आपली चालत गेली. साबेरा, सवयीनं झालं गं."

मी आत जाऊन बांगडे साफ करायला बसले.

अलफियाने त्याच दिवशी पाचही ठिकाणी ईमेल केले, आणखी एक बिछाना द्या म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तरं आली. दोघांकडे जागा होती, तिघांकडे नव्हती. जुलैची नोंदणी लोक थंडीतच करून ठेवतात म्हणे. मधल्या तीन मुक्कामांवाचून वाट पुरी होत नाही. अलफिया बिचारी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अम्मी, यंदा अब्बांना जाऊन येऊ दे. पुढच्या वर्षी मी स्वतः तुम्हा दोघांचं करून देते."

"हो, जाऊ देत की," मी म्हटलं. दारात उभी राहून ज्या आवाजात मी त्यांना जा म्हणायची, त्याच आवाजात म्हटलं. तेहतीस वर्षांत तो आवाज कधी फाटला नव्हता. त्या दुपारी मात्र शेवटच्या शब्दाला फाटला, आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाने ते ऐकलं.

ते उठले. भिंतीवरचा तक्ता चारी कोपरे सोडवून खाली काढला, नीट घडी घातली. दारात येऊन म्हणाले, "मी नाय जात."

"का?" मी म्हटलं. आता मला राग आला होता. "करारावर सही केलेली बोट तुम्ही कधी सोडली नाय. माझ्या लेकीच्या जन्माला नाय सोडलीत, आता कशी सोडताय?"

"चूक माझी आहे."

"चूक नाय ती. बिछाना मिळाला नाय म्हणून मी रडत नाय. रोज सकाळी माझ्या बुटांच्या नाड्या तुम्ही बांधल्यात. खांबाला लटकवलंत मला. आणि फॉर्म भरताना मी तुम्हाला आठवले ती कशासाठी, तर तुमचं काय बरंवाईट झालं तर कळवायला. मी तिथेच आहे तुमच्या डोक्यात. राजिवड्याला, फोनजवळ."

अलफिया उठून पडवीत गेली. शहाणी पोर आहे.

हे चुलीच्या कट्ट्यापाशी उभे राहिले. मग म्हणाले, "बोटीच्या फॉर्मात घरच्या माणसासाठी तेवढीच एक जागा असते. बाकी सगळं माझं. माझी उंची, माझं वजन, माझ्या दाढा किती. पहिल्या बोटीच्या वेळी एजंट बोलला, भावाचं नाव घाल, बायको घाबरेल. मी बोललो, नाय, तिचंच. दर वेळी मी ती चौकट पहिली भरायचो, मग वरचं. तुझं नाव लिहिलं की बरं वाटायचं. त्यात तू मागे राहतेस, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाय."

२०११ साली त्या चौकटीतून मला खरोखर फोन आला होता. हे शिडीवरून पडले होते, खांदा मोडला होता. त्यानंतर कित्येक महिने फोन वाजला की उचलायच्या आधी मी खाली बसून घ्यायची. ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नव्हतं, त्या दुपारी सांगितलं. ते ऐकत राहिले. राग माझा तिथेच उतरला, पण मी तसं दाखवलं नाही.

अलफियाने केळशीला जाणं एक दिवस पुढे ढकललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच नवी वाट काढली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तक्त्यातल्याच एका झोपडीत चार रात्री दोन बिछाने रिकामे होते. या झोपडीतून त्या झोपडीत जायचं नाही. एकाच ठिकाणी राहायचं, रोज वेगळ्या बाजूला चालायचं आणि परत यायचं. लोखंडी दोराची वाटही तिथून जवळ होती. आठ किलो पाठीवर नको, हे ऐकून माझे गुडघे मनातल्या मनात दुवा देऊ लागले.

हे टॅब्लेट घेऊन स्वयंपाकघरात आले आणि पाट ओढून माझ्या शेजारी बसले. "सहाचे चार दिवस होतात," ते म्हणाले. "पण तू बोलशील तरच."

"भरा," मी म्हटलं.

पाहुणे किती, तिथे त्यांनी दोन लिहिलं आणि मला दाखवलं. त्यांची माहिती भरून झाली. खाली दुसऱ्या पाहुण्याचा भाग उघडला आणि तिथे त्यांची बोटं अडली. जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, शाळेत मास्तरांनी लावलेली एक जून, तीच पासपोर्टवर आहे. मग एखादं अन्न सोसत नाही असं आहे का, असा प्रश्न होता. मी म्हटलं, "वांगं. अंगावर पित्त उठतं." त्यांनी वर बघितलं. दर सुट्टीत मी त्यांच्या आवडीचं वांगं करायची आणि स्वतः नुसत्या रश्शाशी जेवायची, ते त्यांना माहीत नव्हतं.

"उंचीची भीती वाटते काय, असं विचारलंय."

"माहीत नाय. उंचावर कधी नेलंत?"

"डोंगरात चालायचा अनुभव?"

"चार महिने लिहा. आणि त्याच्या आधी घरात एकटीने चढले ते चढ लिहायला जागा आहे काय?"

ते हसले, पण लिहिताना अगदी गंभीर होते. प्रत्येक उत्तर दोनदा वाचून दाखवत होते. असं करत शेवटची चौकट आली. त्यांच्यासाठी त्यांनी माझ्या नावाचं पहिलं अक्षर टाईप केलं, मग थांबले, ते पुसलं आणि अलफियाचं नाव घातलं. आम्ही दोघंही वर असणार, तर खालचं माणूस तीच. मग माझी चौकट.

"माझ्यासाठी पण अलफियाच," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं नाही. टॅब्लेटकडेच बघत विचारलं, "साबेरा, मी दर्यात असताना तुला काय झालं, तर तू कोणाला कळवायचीस?"

हा प्रश्न फॉर्मात नव्हता. मी पुढ्यातल्या माशांना मीठ चोळत बसले. अलफिया पाच वर्षांची असताना माझं दुसरं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. ते त्यांना माहीत होतं, मी पत्रात लिहिलं होतं, दोन महिन्यांनी त्यांना ते मिळालं होतं. पण मी तेव्हा काय केलं ते पत्रात नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी एकटीच नाक्यापर्यंत चालत गेले, रिक्षा केली आणि अलफियाला मांडीवर घेऊन सरकारी दवाखान्यात पोहोचले. नर्सने विचारलं, सोबत कोण आहे, सही कोण करणार. मी अलफियाकडे बोट दाखवलं. मग सही मीच केली.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. शेवटी म्हटलं, "कोणाला कळवणार? होऊन गेलं की तुम्हाला लिहायची."

त्यांनी माझा हात धरला, खारट, माशाचा, तसाच. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्यांनी मनातही आणलं नाही. माझ्याही डोळ्यांत आलं. इतक्या वर्षांत त्या दिवसासाठी आम्ही दोघांनी मिळून रडायचं राहिलंच होतं.

मग त्यांनी हात सोडला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, माझ्या चौकटीत लिहिलं. अझीम होडेकर. नातं, पती. खाली स्वतःचा नंबर.

"अहो, तुम्ही माझ्या बाजूलाच असणार," मी म्हटलं. "तुम्हाला काय कळवायचं?"

"असू दे," ते म्हणाले. "एकदा तरी माझं नाव असू दे तिथे."

अलफिया मागे येऊन उभी होती. तिने वाचलं आणि म्हणाली, "अब्बा, हे चुकलंय. बरोबर असलेल्या माणसाचं नाव तिथे घालत नाहीत. थांबा, मी बदलते."

मी तिला बदलू दिलं नाही.